“हे कोण बोललं?” असे विचारणाऱ्या बाई

डॉ. इंदुमती देसूरकर बाईंची आणि माझी पहिली भेट बेळगावात त्यांच्या शहापूरच्या घरी झाली, आणि ती ठरवून झालेली नव्हती. माझी पत्नी वैशाली पीएच.डी.साठी त्यांच्याकडे आली होती. निपाणीहून तिला गाडीवर घेऊन येणे आणि परत नेणे एवढेच माझे काम. त्या आत बोलत होत्या आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. वैशालीचा विषय होता जवळच्याच वडगावच्या विणकर बायकांचे बोलणे. मागावर बसलेल्या बायका कामाबद्दल, घराबद्दल, सुताबद्दल काय बोलतात ते तिला गोळा करायचे होते. पहिल्या प्रकरणाची पाने ती घेऊन आली होती.

आतून बाईंचा आवाज येत होता. त्यांनी एक वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, “हे कोण बोललं?” वैशालीने सांगितले की वडगावची एक बाई. “मग तसं दिसू दे की. इथं तू बोलतेस असं वाटतंय. आणि पुढचं वाक्य तुझं आहे, तर ते तिचं वाटतंय.” मग बाईंनी मलाच हाक मारली. बाहेर कोण बसलंय, आत या म्हणाल्या, आणि तुम्ही काय करता असे विचारले. मी भूमापन खात्यात मोजणी करतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

“दोन शेतांमधला दगड कुणी हलवला तर काय होतं?”

मी म्हणालो, “भांडण होतं, आणि आम्हाला बोलावतात.”

“तेच मी हिला सांगतेय. अवतरणाची चिन्हं म्हणजे हद्दीचे दगड. दगडाच्या आत जे आहे ते त्या बाईचं. बाहेर तुझं. तुला आवडलं म्हणून दगड हलवायचा नाही.”

परत येताना वैशाली मागच्या सीटवरून म्हणाली, “मी सहा महिने धडपडून गाईड मिळवली आणि तिनं पहिल्याच दिवशी तुलाच शिष्य करून घेतलं.” तेव्हा आम्ही दोघे हसलो. पुढे ते खरे होईल असे वाटले नव्हते.

बाईंनी बेळगावच्या महाविद्यालयात अनेक वर्षे मराठी शिकवले. त्यांच्या अध्यापनाबद्दल आणि ग्रंथांबद्दल या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी पाहिले ते त्यांच्या घरी शनिवारी भरणारे वर्ग. निवृत्तीनंतरही ते चालू राहिले. निपाणी, खानापूर, चंदगड अशा सगळीकडून संशोधन करणारी मुले-मुली येत. त्यांत शिक्षक असत, बँकेत नोकरी करणारे असत, एक तर गुंजीच्या स्टेशनवरून सकाळची गाडी पकडून येत असे. वर्ग एकाच गोष्टीचा असे. दुसऱ्याचे बोलणे किंवा लिहिणे आपल्या लेखनात कसे आणायचे. वैशालीला घेऊन जाता-जाता मलाही ते ऐकून पाठ झाले.

दुसऱ्याचे वाक्य एकदम परिच्छेदात टाकायचे नाही, आधी ते कोणाचे आणि का आणले ते सांगायचे. आपले वाक्य आणि त्याचे वाक्य मिळून सरळ वाचता आले पाहिजे. समजावे म्हणून आपण एखादा शब्द घातला तर तो चौकोनी कंसात. गाळले तर तीन टिंबे. मुळातच चूक असेल तर ती तशीच ठेवून पुढे कंसात ‘मुळाबरहुकूम’ लिहायचे, गुपचूप सुधारायची नाही. अवतरण लांबले तर ते वेगळ्या परिच्छेदात, थोडे आत सरकवून लिहायचे. प्रश्नचिन्ह बोलणाऱ्याचे असेल तर चिन्हांच्या आत, आपले असेल तर बाहेर. एवढे ऐकले तर हे कोणालाही शिकवता येईल असे वाटते. पण बाईंची एक पद्धत होती जी मी दुसरीकडे ऐकली नाही. जिवंत माणसाचे बोलणे अवतरणात घेतले असेल, तर ते छापण्याआधी त्या माणसाच्या घरी जाऊन वाचून दाखवायचे. तो हो म्हणाला तर चिन्हे राहतील. नाही म्हणाला तर ती निघतील, किंवा वाक्य निघेल.

उचगावच्या एका शेतकऱ्याचा किस्सा वर्गात नेहमी निघे. एका विद्यार्थ्याने त्यांची मुलाखत घेतली आणि प्रबंधात त्यांच्या तोंडी लिहिले, “पूर्वी आम्ही अत्यंत हलाखीत दिवस व्यतीत केले.” बाईंनी त्याला परत पाठवले, आणि यावेळी स्वतः बरोबर गेल्या. वाचून झाल्यावर त्या शेतकरी आप्पांनी विद्यार्थ्याकडे बघितले आणि म्हणाले, “हे कोण बोललं रं? आमच्या गल्लीत असं बोलणारा एकच तलाठी हुता, त्योबी बदलून गेला.” मग त्यांनी जे खरे म्हटले होते ते पुन्हा सांगितले: “लई वंगाळ दिस काढलं बघ.” बाईंनी तेच लिहायला लावले. विद्यार्थ्याला भीती वाटत होती की परीक्षक हसतील. बाई म्हणाल्या, हसू देत, आप्पांचं बोलणं ऐकून आप्पांवर कुणी हसत नाही.

दुसरा किस्सा हसण्यासारखा नव्हता. कणकुंबीकडचा एक मुलगा नदीचे पाणी वळवण्याच्या वादावर लिहीत होता. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे वाक्य त्याने असे घेतले होते: “वळवायची तर वळवा की ...” आणि पुढे आपले विवेचन. बाईंनी त्याला विचारले, टिंबांच्या जागी काय होते? त्याने मूळ टिपणात बघून वाचले: “वळवायची तर वळवा की, आमच्या झऱ्याला इचारून वळवा म्हंजे झालं.” बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “या तीन टिंबांत तुम्ही त्यांचा झरा बुडवलात.” त्या मुलाने पुढच्या शनिवारी सगळा प्रबंध पुन्हा तपासून आणला. तो आज खानापुरात शिक्षक आहे आणि शाळेतल्या मुलांना निबंधात सुद्धा तीन टिंबे जपून वापरायला सांगतो, असे तो मला परवाच म्हणाला.

हे सगळे लिहिण्याचे कारण मला आता सांगितले पाहिजे.

वैशालीने प्रबंध जवळजवळ पूर्ण केला होता. सादर करायच्या आणि त्या बायकांना अवतरणे वाचून दाखवायच्या आधी ती आजारी पडली आणि थोड्याच दिवसांत गेली. बाई बातमी कळताच निपाणीला आल्या. बसने आल्या, गुडघे दुखत असताना. आलेले लोक मला धीर देणारी वाक्ये बोलत होते, त्यांचा हेतू चांगलाच होता. बाईंनी तसे काही म्हटले नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, बरोबर आणलेल्या भाकऱ्या आणि शेंगांची चटणी काढली, आणि मी जेवेपर्यंत समोर बसल्या. मग विचारले, “तिचं लिखाण कॉम्प्युटरमध्ये आहे ना? ते आणि फोनमधलं रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठं काढून ठेवलंय का?” ठेवले नव्हते. त्यांनी जाण्याआधी ते करून घेतले. त्या दिवशी मला ते विचित्र वाटले होते. आज मी त्यांचे त्याबद्दल जाहीरपणे आभार मानतो.

पदवी तर आता मिळणार नव्हती, पण बाईंच्या मते लिखाण पुस्तक म्हणून यायला हवे होते. एका प्रकाशकांनी ते घेतले आणि एका जाणकाराला वाचायला दिले. काही दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. जाणकारांचे म्हणणे असे होते की या विणकर बायका कन्नड बोलणाऱ्या आहेत, मग त्यांच्या तोंडी पानोपानी इतके सरळ मराठी कसे? ही अवतरणे रचलेली वाटतात. एक तर सगळी चिन्हे काढून सारांश द्यावा, नाहीतर पुस्तक थांबवावे लागेल. ते सभ्यपणे बोलत होते. पण ‘रचलेली’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. त्या बायकांच्या घरी वैशाली इतकी वर्षे गेली होती, आणि तिचे सगळे काम खोटे ठरणार होते, तेही ती उत्तर देऊ शकत नसताना.

मी बेळगावला जाऊन बाईंना सांगितले. मला वाटले त्या चिडतील. त्यांनी चष्मा लावून पाने चाळली. मग म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. मी हे चार वेळा वाचलं आणि माझ्या लक्षातच आलं नाही.”

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना हे नवल वाटेल. इथे आम्ही घरात मराठी बोलतो, दुकानात कन्नड, ऑफिसात दोन्ही, आणि मध्येच हिंदी. सकाळी भेटलेल्या माणसाशी कोणत्या भाषेत बोललो हे संध्याकाळी आठवत नाही, काय बोललो ते आठवते. वैशालीचे माहेर शहापूरचे. त्या बायका कन्नडात बोलत, ती कन्नडातच विचारी, आणि घरी येऊन मराठीत लिहून काढी. आपण अनुवाद करतो आहोत हे तिच्या ध्यानातच येत नसे. बाईही इथल्याच, त्यामुळे त्यांनाही ते खटकले नाही. बाहेरच्या माणसाला एका वाचनात दिसले.

बाईंनी त्याच दिवशी प्रकाशकांना लिहिले की अवतरणे अनुवादित आहेत हे सांगायचे राहून गेले, आणि ही चूक मार्गदर्शक म्हणून त्यांची आहे. मी म्हणालो, तुम्ही स्वतःवर कशाला घेता? त्या म्हणाल्या, “माझी आहे म्हणून. तिची जेवढी आहे तेवढी तिची. ती आपण दुरुस्त करू. पण चिन्हं काढून टाकायची नाहीत. चिन्हं काढली तर त्या बायका पुस्तकातून गेल्या.” आणि मग माझ्याकडे बघून विचारले, “अशोकराव, तुम्हाला कन्नड लिहिता येतं ना?” सरकारी नोकरीत असल्याने मला ते येते. त्या दिवसापासून आमचे रविवार ठरले.

काम असे होते. प्रत्येक अवतरण रेकॉर्डिंगमध्ये शोधायचे. सापडले की मूळ कन्नड वाक्य मी कन्नड लिपीत लिहायचे, ते पुस्तकाच्या शेवटी जाणार. वैशालीचा मराठी अनुवाद मूळ मजकुरात चिन्हांसह राहणार, आणि अनुवाद तिचा आहे असे सांगणारी टीप येणार. तिने भर घातली असेल तिथे चौकोनी कंस, गाळले असेल तिथे टिंबे. आणि जिथे ती स्वतःच्या शब्दांत सांगत असेल तिथली चिन्हे निघणार.

पण त्यासाठी रेकॉर्डिंग ऐकायला हवे होते, आणि त्यात प्रश्न विचारणारा आवाज वैशालीचा होता. ती गेल्यापासून मी तो फोन उघडला नव्हता. पहिल्या रविवारी बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि स्वतः शेजारी सुपात शेंगा घेऊन सोलत बसल्या. माझ्याकडे बघितले नाही. मी बटण दाबले. आधी नुसता मागांचा खडखडाट आला. मग ती कन्नडात म्हणाली की अक्का, माग बंद करू नका, तसंच बोला, आणि हसली. मराठीत ती इतक्या मोठ्याने हसत नसे. कन्नडात ती अशी हसते हे मला माहीत नव्हते. मी ते पुन्हा लावले. बाई शेंगा सोलत राहिल्या. तिसऱ्यांदा लावले तेव्हा म्हणाल्या, “आता पुढं जाऊ या. पुढंही हसली असेल.”

आणि खरोखर ती पुढेही हसली होती. त्यानंतर मला रविवारची वाट बघवेना. एखादे वाक्य सापडले की दोघांनाही कोण आनंद होई. छापील पानावर मराठीत वाचलेले वाक्य खडखडाटातून अचानक कन्नडात बाहेर पडे, शब्दाला शब्द जुळे, आणि बाई टेबलावर थाप मारून म्हणत, “बघा, रचलेलं म्हणे.” एका ठिकाणी, सुताच्या नळ्या म्हणजे कांड्या भरण्याबद्दल, वैशालीने लिहिले होते, “सासू म्हणायची, आधी कांड्या भर, मग जेव.” रेकॉर्डिंगमध्ये नुसते ‘ती’ होते. आम्ही ते “[सासू] म्हणायची” असे केले. एवढ्याशा कंसाने मला केवढा आनंद झाला ते सांगता येत नाही. कंसाच्या आत वैशाली होती, बाहेर ती विणकर बाई, आणि दोघींपैकी कोणीही दुसरीच्या जागेत नव्हती. काही ठिकाणी चिन्हे काढावी लागली, पण फारच थोडी. वैशालीने प्रामाणिकपणे ऐकले होते. प्रत्येक रविवारी हे थोडे-थोडे सिद्ध होत होते, आणि निपाणीला परतताना मी गाडीवर एकटाच गुणगुणत असे.

अडले ते एका वाक्यावर. शेवटच्या प्रकरणात गंगव्वा नावाच्या विणकर बाईंच्या तोंडी ते होते. प्रकाशकांनाही ते आवडले होते, मुखपृष्ठामागे छापायचे म्हणत होते. “माग थांबला की घरातले सगळे धावत येतात, काय झालं विचारतात. माग चालू असताना बाई काय बोलते ते कोणी विचारत नाही.” सगळे पुस्तक या वाक्यावर उभे आहे असे मला वाटे. ते रेकॉर्डिंगमध्ये कुठेच सापडेना. गंगव्वांचे सगळे बोलणे आम्ही पुन्हा ऐकले. नव्हते.

मी म्हणालो, असू दे, त्या दिवशी रेकॉर्डिंग केले नसेल. एवढी सगळी बरोबर निघाली, एकावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे? बाई म्हणाल्या, विश्वास आहे, पण पुरावा नाही, चिन्हांत ठेवता येणार नाही. मी त्या दिवशी थोडा वाद घातला. मी सहसा वाद घालत नाही. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुम्ही गंगव्वांना विचारलंत का? त्या आहेत ना?” मी विचारले नव्हते, कारण त्या नाही म्हणाल्या तर काय, याची मला भीती वाटत होती. बाईंना ते कळले असावे. त्या म्हणाल्या, मी येते बरोबर.

वडगावच्या त्या घरात पुढच्या खोलीतच पॉवरलूम आहे. आम्ही गेलो तेव्हा गंगव्वांनी माग बंद केला आणि आम्हाला बसायला पाट दिले. मी वैशालीचा नवरा म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला, आणि काही वेळ सोडला नाही. त्या मला तम्मा म्हणाल्या, म्हणजे धाकटा भाऊ. इथून पुढचे त्यांचे बोलणे कन्नडात झाले. मराठी माझे आहे. हे बाईंच्या धाकाने सांगून ठेवतो.

बाईंनी ते वाक्य आधी मराठीत आणि मग कन्नडात करून वाचून दाखवले. गंगव्वांनी मान वाकडी करून ऐकले, पुन्हा एकदा वाचा म्हणाल्या, आणि मग हसल्या.

“इदु नंदल्ल,” त्या म्हणाल्या. हे माझं नाही.

मी उठू लागलो. बाईंनी मला थांबायची खूण केली आणि त्यांना विचारले, मग कोणाचं?

“तिचा नवरा समोर बसलाय आणि मला विचारता होय? हे तिचंच. इथंच बसली होती, त्या खांबाला टेकून. माझा धागा तुटला म्हणून माग थांबला, तर दीर, सासरे, पोरं, सगळी आली काय झालं म्हणत. ती बघत होती. ते गेल्यावर ती असं म्हणाली. मी नुसती मान हलवून हौदु, हौदु म्हटलं. बोलली ती.”

बाईंनी विचारले, तुम्हाला नक्की आठवतं? गंगव्वा म्हणाल्या की असे कोणी आपल्याला कधी म्हटले नव्हते, मग कसे विसरेन? आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तम्मा, मी हे माझ्या जावेला सांगितलं, लेकीला सांगितलं. प्रत्येकीला सांगितलं की निपाणीची ती बाई असं म्हणाली.”

मला तिथे काय वाटले ते मी नीट लिहू शकणार नाही. घाबरत गेलो होतो की वैशालीचे एक वाक्य जाईल. आणि मला तिचे एक वाक्य मिळाले होते. ती गेल्यावर मिळालेले नवे वाक्य. ते वडगावच्या गल्लीत कन्नडात फिरत होते आणि मला घरी माहीत नव्हते.

येताना रिक्षात मी बाईंना विचारले की तिने स्वतःचे वाक्य गंगव्वांच्या नावावर का लिहिले असेल? नम्रपणामुळे? गंगव्वांनी हो म्हटले म्हणून ते त्यांचेच असे तिला वाटले असेल? बाई म्हणाल्या, “का ते आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही ते लिहायचं नाही.” थोडे पुढे गेल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पण तुम्ही मनात काय ते धरा. त्याला चिन्हं लागत नाहीत.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्या इतक्या उत्साहात होत्या की नमस्कार न करताच बोलू लागल्या. वाक्य पुस्तकात राहू शकते. त्याला साक्षीदार आहे. ते गंगव्वांचे म्हणून जाणार नाही, वैशालीचे म्हणून जाईल, आणि ते सांगणाऱ्या गंगव्वा असतील. बोलणाऱ्याला दुहेरी चिन्ह, त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच्या बोलण्याला आत एकेरी. हा नियम बाईंनी शनिवारच्या वर्गात शेकडो वेळा शिकवला असेल. त्या सकाळी त्यांनी तो मला जणू नुकताच सापडल्यासारखा सांगितला. आम्ही मजकूर तयार केला, बाई वडगावला जाऊन तो गंगव्वांना वाचून दाखवून आल्या, आणि गंगव्वांनी या वेळी हो म्हटले. ज्या जाणकारांनी शंका घेतली होती त्यांनाही प्रकाशकांनी सगळे पाठवले. त्यांनी सुधारलेला मजकूर वाचून पुस्तक छापावे असे कळवले, आणि मूळ कन्नड शेवटी दिल्याबद्दल वेगळे अभिनंदन केले. बाईंनी त्यांचे आभार मानणारे पत्र स्वतः लिहिले. त्यांनी दाखवले नसते तर आपण चुकीचेच छापले असते, असे त्या आजही प्रत्येकाला सांगतात.

गेल्या आठवड्यात पुस्तकाची छापील प्रुफे आली. ते पान मी समोर ठेवूनच हा लेख लिहितो आहे. तिथे असे छापले आहे:

गंगव्वा सांगतात, “त्या दिवशी [वैशाली] म्हणाली, ‘माग थांबला की घरातले सगळे धावत येतात, काय झालं विचारतात. माग चालू असताना बाई काय बोलते ते कोणी विचारत नाही.’ मी हो म्हटलं.” (मूळ कन्नड; आतल्या अवतरणाचे मराठी लेखिकेचे, बाकीचा अनुवाद संपादकांचा.)

या चार ओळींत किती माणसे आहेत ते मी मोजून बघितले. गंगव्वा आहेत, वैशाली आहे, अनुवाद करणाऱ्या बाई आहेत, आणि वैशालीचे नाव ज्या चौकोनी कंसात आहे तो बाईंनी मला घालायला लावला, म्हणून एका कोपऱ्यात मीही आहे. कोणीही कोणाची जागा घेतलेली नाही. पुस्तकावर संपादक म्हणून बाईंनी आपले नाव लहान अक्षरांत घालायला सांगितले आहे. ते मोठ्या अक्षरांत यावे म्हणून मी प्रकाशकांशी बोललो आहे. हे बाईंना आत्ता वाचताना कळेल आणि त्या रागावतील, त्याला माझी तयारी आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीला शुभेच्छा देताना मला एकच सांगायचे आहे. वडगावच्या बायकांचे पुष्कळ रेकॉर्डिंग अजून फोनमध्ये पडून आहे. पहिल्या पुस्तकात त्यातले थोडेच आले. परवा बाईंनी स्वतःच विचारले, “अशोकराव, पुढचा रविवार मोकळा आहे ना?” आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. हे काम पुरे व्हायला बरीच वर्षे लागतील. तेवढी सगळी वर्षे, आणि त्यानंतरचीही, बाईंचे कान असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे त्यांना वडगावच्या गल्लीपर्यंत नेत राहोत, आणि सुपात शेंगा घेऊन त्या टेबलापाशी माझ्या शेजारी बसत राहोत. आम्हा दोघांना अजून खूप ऐकायचे आहे.